२६० वॅटच्या ऑफिस डब्यात आरटीएक्स ३०५० (६ जीबी), सहा महिने वापरून

पहिलंच सांगून टाकतो, नुसतं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) म्हणून बघाल तर एनव्हिडियाचं हे ३०५० महाग आहे. मी १६,८०० दिले, गणपतीच्या आधी, लॅमिंग्टन रोडला, जीएसटी बिलासकट. तेव्हा अजून तीन-चार हजार टाकले असते तर एएमडीचं आरएक्स ६६०० आलं असतं आणि ते याला धुऊन काढतं, हे मलाही माहितीये, दुकानदारानेही सांगितलं आणि ऑफिसातल्या पोरांनी तर हसत हसत सांगितलं. तरी हेच घेतलं आणि परत वेळ आली तरी हेच घेईन, कारण माझ्याकडे जो डबा आहे त्यात दुसरं काही धड चालतच नाही.

डबा म्हणजे कंपन्यांमधून लॉटमध्ये निघणारा तो काळा टॉवर. इंटेलचा आय५-८५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, ११,५०० ला घेतला होता घरून काम करायला. सहा कोर आहेत, आठव्या जनरेशनचा असल्याने विंडोज ११ रीतसर चालतं (सहावी-सातवी जनरेशन स्वस्त मिळते हल्ली, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत ते आय५ नाहीत, तेवढं बघून घ्या). प्रोसेसरचा काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम पॉवर सप्लायचा, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज देणाऱ्या खोक्याचा. २६० वॅट, आणि ग्राफिक्स कार्डाला द्यायची ६ पिन किंवा ८ पिनची वायरच नाही. मग बदलून टाक की सप्लाय, असं सगळे म्हणतात, पण अशा बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये मदरबोर्डचा पॉवर कनेक्टर नेहमीचा २४ पिनचा नसतो, सप्लायचा आकारही वेगळा, म्हणजे नवीन सप्लाय अधिक कन्व्हर्टर अधिक पत्रा कापणं, आणि ते सगळं केल्यावर वाटतं नवीन कॅबिनेटच घेतलं असतं तर बरं.

हे कळायला मी आधी एक माती खाल्ली. घराजवळच्या एका दुकानात जुनं कार्ड मिळालं, ८ जीबी, ५,५०० ला, १८५ वॅट खाणारं, आणि सोबत त्याने एक छोटा कन्व्हर्टर दिला, साटाची (हार्डडिस्कला जाते ती) पॉवर घेऊन पुढे कार्डाला देणारा. "चल जायेगा, सब लोग लगाते है." लावला. डेस्कटॉप दिसला, गाणी वाजली, मी खूश. गेम सुरू केला, मेनूपर्यंत आलं, आणि लोडिंग संपता संपता फट्कन सगळं बंद. तीनदा तेच. मग घरी बसून हिशोब केला तर कळलं की साटाच्या पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच्या वर त्याने द्यायचंच नसतं, आणि आपण त्याच्याकडून ७५ च्या वर मागतोय, तेही २६० च्या सप्लायवर. सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होत होता ते नशीब, नाहीतर असले कनेक्टर वितळतात. कार्ड परत घेताना त्याने हजार रुपये कापले. असो.

तर अशा डब्यासाठी नियम उलटा आहे. गेम बघून कार्ड नाही घ्यायचं, सप्लाय बघून घ्यायचं. मदरबोर्डचा स्लॉट (कार्ड खोचायची खाच) जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, त्यात बसणारं सगळ्यात दमदार काय, एवढाच प्रश्न. जीटीएक्स १६५० बसतं पण ते २०१९ चं, ४ जीबी, आणि त्यात डीएलएसएस (लहान चित्र एआयने मोठं करून गेमचा वेग वाढवणारी एनव्हिडियाची सोय) नाही. आरएक्स ६४०० स्वस्त आहे, ५३ वॅट, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं, माझा स्लॉट जेन ३ चा, म्हणजे जुन्या पिढीचा नि कमी वेगाचा, तिथे ते अजून मार खातं, वर तेही ४ जीबीच. राहता राहिलं हे. ७० वॅट, ६ जीबी, आठ लेन, वायर नको. प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी डिस्क पंखे वगैरे धरून २६० च्या बरंच आत राहतं.

एक फसवणूक मात्र नावातच आहे. ३०५० दोन आहेत, २०२२ चं ८ जीबीवालं आणि २०२४ चं हे ६ जीबीवालं, आणि फरक नुसता मेमरीचा नाही. ८ वाल्यात २५६० कोर आणि १२८ बिटची बस (मेमरीपर्यंतचा रस्ता), ह्यात २३०४ आणि ९६ बिट. युट्यूबवर ३०५० चे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बघून घ्याल तर घरी आल्यावर कमीच दिसणार. पण ते मोठं भावंड १३० वॅट खातं म्हणून आपल्या कामाचं नाही. दुकानात बॉक्स उघडून बघा, कार्डाच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाहीये ना, आणि लांबीही मोजा. माझ्या टॉवरमध्ये हार्डडिस्कची जाळी मध्ये येते म्हणून मी एका पंख्याचं आखूड मॉडेल घेतलं. टॉवर नसून तो अरुंद आडवा डबा असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, मॉडेल मागा. आणि एकदम पुस्तकाएवढा मिनी पीसी असेल तर हे सगळं विसरा, त्यात स्लॉटच नसतो.

आता खेळाचं. सायबरपंक २०७७, १०८० पी, मीडियम, डीएलएसएस क्वालिटीवर, ५५ ते ६० एफपीएस. बाजाराच्या गर्दीत ४० पर्यंत येतं पण तिथे दोष प्रोसेसरचा, गर्दीची सेटिंग लो केली की सुधारतं. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) चालू करून बघितलं, विशीत गेलं, बंद केलं, परत त्या वाटेला गेलो नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ पन्नाशीच्या आसपास, आणि खरं सांगू, पहाटेच्या धुक्यात घोड्यावरून जाताना मी एफपीएस बघायचं विसरलो, माझ्यासाठी तिथेच पैसे वसूल झाले. एल्डन रिंगला मुळातच ६० ची मर्यादा आहे, ती बहुतेक वेळा गाठतं. टेक्स्चर मात्र सगळीकडे मीडियमला ठेवतो, ६ जीबी लवकर भरते आणि भरली की मग झटके सुरू. इंडियाना जोन्सचा तो २०२४ चा गेम कमीत कमीच ८ जीबीचं कार्ड मागतो, तो मी घेतलाच नाही.

पण नुसतं कार्ड टाकून हे झालेलं नाही, पहिल्या दिवशी तर मी वैतागलो होतो. सायबरपंक २.० अपडेटपासून एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) मागतो आणि माझी हार्डडिस्क, म्हणजे रस्ता येतोय आणि इमारती मागून चालत येतायत. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घातली, २,८०० ची. (पाचशे पुरत नाही, एकटा रेड डेडच १५० खातो, जमलं तर १ टीबी घ्या.) रॅमची एकच कांडी होती, दुसरी ८ ची जुनी १,२०० ला घेतली, दोन चॅनल झाले, म्हणजे दोन्ही कांड्या एकदम काम करायला लागल्या, आणि मधे मधे जो आचका बसायचा तो जवळजवळ गेला, एवढा फरक १,२०० मध्ये दुसऱ्या कशानेच पडला नसता. त्यानंतर रॅमचे भाव जे भडकले ते बघता मी सुटलो म्हणायचं, आज कांडी शोधणाऱ्याची दया येते. तिसरं म्हणजे थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता त्याच्या कूलरकडे नेणारी. जुनी सुकून खडू झालेली, प्रोसेसर ९० अंशांच्या वर जायचा, दोनशेची पेस्ट लावल्यावर ७५ च्या आत. कार्डाचा एकुलता एक पंखा ऐकू येतो, ऑक्टोबर हीटमध्ये तर चांगलाच, मी कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून खेळतो. डोंबिवलीची धूळ बघता हा सल्ला नाही, कबुली आहे.

सगळं मिळून डब्यासकट ३२,५०० झाले, त्या कापलेल्या हजाराशिवाय. माझ्याकडून कार्डाला ५ पैकी साडेतीन, डबा आधीच घरात पडलेला असेल तर चार. शून्यापासून सुरुवात करत असाल तर ह्यात पडू नका, साधं कॅबिनेट आणि ४५० वॅटचा चांगला सप्लाय घेऊन पुढचं ठरवा.

आणि हो, कार्ड बसवल्यावर डिस्प्ले आला नाही तर लगेच दुकानदाराला फोन करू नका. मी केला, अर्धा तास भांडलो, रविवारी परत दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला यायची तयारी केली. तेवढ्यात धाकटी बहीण पाणी प्यायला उठली, मागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "दादा, मॉनिटरची वायर कार्डाला नाही, अजून जुन्याच भोकात आहे."