गच्चीवरची घडीची शेगडी, २ महिन्यांनंतर
ऑनलाइन घेतलेली कोळशाची बार्बेक्यू शेगडी. पत्रा पातळ, तिसऱ्याच वेळी तळ वाकला, आणि खाली हवेला भोकंच दोन त्यामुळे कोळसा धरायला अर्धा तास, पुठ्ठ्याने वारा घालून घालून हात गेले राव. पण निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की मग मजा! आधी लेगपीस वरून काळे अन् आत कच्चे राहायचे, आता निखारे एका बाजूला सारतो, पीस दुसऱ्या बाजूला आणि वर कढई पालथी, थर्मामीटरने आत ७४ डिग्री दाखवलं की काढायचे. धुराचा वास झक्कास लागतो. ओले बोंबील मात्र जाळीला चिकटून पार भुगा. झाकणवाली मिळाली तर तीच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.