ओळीतली सहा घरे: सेंट फॅगन्सचे संग्रहालय

कार्डिफ शहराच्या मध्यवर्ती भागापासून पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर सेंट फॅगन्स नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या सरदारी हवेलीच्या आवारात वेल्सचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय पसरलेले आहे. त्याला संग्रहालय म्हणायचे ते केवळ सोयीसाठी, कारण इथे पाहायच्या वस्तू काचेच्या पेटीत ठेवलेल्या नसून त्या वस्तू ज्या घरांत वापरल्या गेल्या ती घरेच मुळात उचलून आणलेली आहेत. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतल्या चाळीसहून अधिक इमारती दगड न् दगड, तुळई न् तुळई क्रमांक घालून सुट्या केल्या गेल्या आणि इथे पुन्हा उभ्या राहिल्या. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयाचा आदर्श समोर ठेवून 1948 साली या जागेचे दरवाजे लोकांसाठी उघडले. अर्ल ऑफ प्लिमथ यांनी हवेली आणि जमीन दिली होती, तर इओर्वर्थ पीट हे संग्रहालयाचे पहिले प्रमुख होते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, फक्त गाडी लावण्याचे शुल्क भरावे लागते.

मी इथे यापूर्वी तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा नकाशावरच्या सगळ्या इमारती एका दिवसात पाहून संपवण्याच्या नादात कोणतेच घर धड पाहिले नव्हते. या वेळी बरोबर आमच्या शेजारच्या आजीबाई होत्या. त्यांचे बालपण दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यातल्या एका ओळीतल्या घरात गेले आणि त्यांचे वडील खाणीत काम करत. त्यांच्याबरोबर हळूहळू फिरताना मला या संग्रहालयाकडे पाहण्याची जी रीत सापडली ती सांगण्यासाठीच हे परीक्षण लिहीत आहे. प्रत्येक घरात शिरल्यावर आधी दोनच गोष्टी शोधाव्यात: विस्तव कुठे आहे, आणि पाणी कुठून येत असेल. खोल्या, फर्निचर, भिंतींचा रंग हे सगळे त्यानंतर आपोआप समजत जाते.

सुरुवात हेंद्रेर-अविद्द या शेतघरापासून करावी. डेन्बीशरमधून आणलेल्या या घराची लाकडे 1508 सालची आहेत. याला धुरांडे नाही. मधल्या दालनात जमिनीवरच विस्तव, खिडक्यांना काच नाही, आणि त्याच छपराखाली एका टोकाला गुरांची जागा. संग्रहालयातल्या अनेक घरांत सेवक खरोखरचा विस्तव पेटवतात. त्याने पाहणाऱ्याला ऊब मिळतेच, शिवाय जुन्या लाकडांतला आणि भिंतींतला ओलावाही आटोक्यात राहतो. पण या घरापुरता त्याचा खरा उपयोग असा की, धूर कोंडलेल्या दालनात पाच मिनिटे उभे राहिल्यावर धुरांडे ही किती मोठी सोय होती हे डोळ्यांना आणि घशालाच कळते.

तिथून खाइनव्हादिन या वायव्य वेल्समधल्या 1762 सालच्या झोपडीकडे यावे. भिंती प्रचंड धोंड्यांच्या आहेत, इतक्या मोठ्या की ते रचले कसे असतील याचा विचार बराच वेळ मनातून जात नाही. आत मात्र एकच खोली आणि तिचे भाग पाडायला भिंत घातलेली नाही. दोन कपाटपलंगच, म्हणजे कपाटासारखे बंदिस्त पलंग, एकमेकांशेजारी उभे करून निजायची जागा वेगळी केली आहे आणि त्यांच्या वर अर्धा माळा काढून मुलांची सोय केली आहे. विस्तव आता भिंतीच्या कडेला सरकला आहे, धूर वर जातो आहे, आणि त्यामुळेच माळ्यावर माणूस निजू शकतो. एका बदलामागून दुसरा कसा येतो हे इतक्या सोपेपणाने दाखवणारी जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

केनिक्स्टनचे लाल शेतघर सगळ्यांच्या छायाचित्रांत असते. गोवर द्वीपकल्पातल्या या 1610 सालच्या घराला दुष्ट शक्तींपासून राखण व्हावी म्हणून लाल रंग देत, असे तिथे सांगतात. घर सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते सुस्थितीतल्या शेतकऱ्याचे घर आहे आणि माझ्या दृष्टीने या संग्रहालयाचा प्राण तिथे नाही. तो रिद-अ-कारच्या ओळीत आहे.

दक्षिण वेल्समधल्या मर्थर टिडफिल या शहरात रिचर्ड क्रॉशे यांच्या लोखंडाच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या मजुरांकरता 1795 च्या सुमारास ही घरे बांधली गेली. त्यांतली सहा घरे इथे आणून 1987 साली लोकांसाठी खुली झाली. रचना सगळ्यांची एकच: खाली एक मुख्य खोली, मागे एक लहानशी जागा, वर झोपण्याची खोली. मांडणी मात्र प्रत्येकात वेगळ्या काळाची आहे: 1805, 1855, 1895, 1925, 1955 आणि 1985. एका दारातून बाहेर पडून शेजारच्या दारात शिरताना आपण तीस ते पन्नास वर्षे पुढे गेलेलो असतो. संग्रहालयाचा सुरुवातीचा भर खेड्यांतल्या शेतकरी जीवनावर होता आणि कारखान्यांच्या, खाणींच्या वेल्सला इथे जागा मिळायला बरीच वर्षे जावी लागली. ही ओळ आल्यावर ती उणीव ज्या रीतीने भरून निघाली, ती मला फार मोलाची वाटते, कारण या देशातल्या असंख्य कुटुंबांचे जगणे अशाच ओळींतल्या घरांत गेले आहे.

1805 च्या खोलीत वस्तू मोजक्याच आहेत, आणि पुढच्या प्रत्येक घरात त्यांची गर्दी वाढत जाते. घरापुढच्या बागासुद्धा त्या त्या काळाप्रमाणे लावलेल्या आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे घरांइतकाच वेळ बागांनाही द्यावा. पाण्याचा प्रश्न मात्र या ओळीत उभे राहून मुद्दाम आठवावा लागतो, कारण पाण्याची टंचाई खोलीत मांडून दाखवता येत नाही. मर्थर हे एके काळी वेल्समधले सर्वांत मोठे शहर होते आणि तरीही तिथे सार्वजनिक पाणीपुरवठा नव्हता. लोक झऱ्यांच्या चिंचोळ्या धारांखाली भांडी लावून तासन् तास थांबत, नाहीतर नदीचे आणि कालव्याचे पाणी भरत. 1849 च्या पटकीच्या साथीत त्या शहरात चौदाशेहून अधिक माणसे दगावली आणि नळाचे पाणी यायला त्यानंतर 1860 चे दशक उजाडले. म्हणजे 1855 च्या त्या नीटनेटक्या खोलीत जी घरधनीण राहत असेल, तिने साथ पाहिलेली असणार आणि नळ अजून पाहिलेला नसणार. हे लक्षात ठेवून त्या खोलीतली बादली पाहिली की ती नुसती जुनी वस्तू राहत नाही.

1925 च्या दारात आजीबाई थांबल्या. हे त्यांच्या जन्माआधीचे साल, पण खोली त्यांच्या आजीच्या घरासारखी होती. बिडाची चूल पाहून त्यांनी सर्वांत आधी सांगितले ते तिच्या पॉलिशबद्दल. दर आठवड्याला काळी पूड लावून ती चूल चकचकीत होईपर्यंत घासायची हे घरातल्या मोठ्या मुलीचे काम, आणि त्या कामाने बोटांच्या पेरांत बसलेला काळा रंग शाळेतही दिसायचा. खाणकामगारांना कोळसा सवलतीने मिळत असल्याने विस्तव कधी विझत नसे. स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, कपडे वाळवणे आणि आजाऱ्याची ऊब हे सगळे त्या एका चुलीवर चाले. खाणींवर न्हाणीघरे व्हायच्या आधी पुरुष अंगभर कोळशाची पूड घेऊनच घरी येत आणि चुलीपुढे पत्र्याचा टब ठेवून अंघोळ करत. आजीबाईंचे आजोबा पाठ मात्र क्वचितच धुवू देत, कारण वारंवार धुतल्याने पाठ कमजोर होते असा त्या पिढीतल्या अनेक खाणकामगारांचा समज होता. घरात दोन किंवा तीन कमावते पुरुष निरनिराळ्या पाळ्यांवर असले, तर बाईच्या नशिबी दिवसातून तितक्या वेळा ते पाणी तापवणे, उचलणे आणि ओतणे येई. सोमवार कपडे धुण्याचा. त्या दिवशी खोलीत वाफ, दोरीवर ओले कपडे, आणि जेवायला रविवारच्या मांसातले उरलेले थंड तुकडे.

1955 च्या खोलीत आल्यावर त्या गप्प झाल्या. त्या वर्षी त्या दहा वर्षांच्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी बागेकडे बोट दाखवून मला वेल्श भाषेतला ‘टी बाख’ हा शब्द शिकवला. त्याचा अर्थ छोटे घर, आणि बोलण्यातला अर्थ बागेच्या टोकाचा संडास. हिवाळ्यातल्या रात्री कंदील घेऊन तिथवर जाताना धाकट्या भावाला सोबतीला उठवावे लागे आणि त्याबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी गोळ्या द्याव्या लागत. खोलीतल्या सेविकेने हे ऐकले आणि दोघींचे संभाषण वेल्शमध्ये सुरू झाले. मला त्यातले काही कळले नाही, पण त्या वीस मिनिटांत आणखी चार पाहुणे आले आणि आपापल्या आठवणी सांगू लागले. इथले अनेक सेवक इंग्रजी आणि वेल्श या दोन्ही भाषांत बोलतात, आणि पाहुण्याला बोलते कसे करावे हे त्यांना उत्तम साधले आहे. संग्रहालयाच्या कौतुकात मी ही गोष्ट सर्वांत वर ठेवीन.

अशा कोणत्याही खुल्या संग्रहालयाची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. घर आणता येते. त्या घराभोवतीची भट्टीची आग, कारखान्याचा आवाज, शेजारणीच्या हाका आणि एका खोलीत दाटीने राहणारी मोठी कुटुंबे आणता येत नाहीत. झाडीच्या शांततेत, पाखरांच्या आवाजात उभी असलेली मजुरांची घरे पाहून ते जगणे सुखाचे होते असा समज सहज होऊ शकतो. म्हणूनच सेवकांशी बोलणे आणि शक्य असल्यास त्या जगात वाढलेल्या माणसाला बरोबर नेणे मला आवश्यक वाटते.

ग्वालिया स्टोअर्स हे ऑगमोर व्हेलमधले 1880 साली सुरू झालेले दुकान आणि ओकडेलची कामगार संस्था या दोन इमारतीही घरांनंतर लगेच पाहाव्यात. दुकानात वाणसामानापासून लोखंडी सामानापर्यंत सगळे एका छपराखाली मिळे. 1917 साली उघडलेल्या ओकडेलच्या इमारतीत वाचनालय, सभेची खोली आणि वरच्या मजल्यावर मोठे सभागृह आहे. ज्या घरात बसायला शांत कोपरा नव्हता, त्या घरातल्या माणसाला पुस्तक घेऊन बसण्याची जागा कामगारांनी पगारातून पैसे देऊन स्वतःच्या गावात राखली होती. बाकी चर्च, शाळा, पिठाची गिरणी आहेतच. वेळ उरला तर त्याही पाहाव्यात.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि पावसाची तयारी ठेवावी, कारण एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे चालणे उघड्यावरचे आहे. जुन्या घरांची दारे बुटकी, उंबरे उंच आणि जमिनी ओबडधोबड आहेत, त्यामुळे चाकांच्या खुर्चीतून प्रत्येक घरात जाता येईल असे धरून चालू नये. 1900 सालच्या डरवेन बेकरीतला पाव विकत मिळतो. तो संपण्याआधी घ्यावा.

शेवटी कार्डिफच्या गबाल्फा भागातून आणलेला प्रीफॅब, म्हणजे कारखान्यात तयार केलेला, बंगला पाहावा, आणि तो खरोखर शेवटीच पाहावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत ब्रिटनभर दीड लाखांहून अधिक तात्पुरती घरे उभी राहिली, त्यांतलेच हे एक, 1948 सालचे, ॲल्युमिनियमचे. कारखान्यात चार भागांत तयार होऊन ते मालमोटारींवरून आले आणि जागेवर जोडले गेले. आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे धरले होते, तरी अनेक कुटुंबे अशा घरांत त्याहून कितीतरी अधिक काळ समाधानाने राहिली, आणि त्याचे कारण दारातून आत गेल्याबरोबर दिसते: घरात न्हाणीघर, घरात संडास, नळाला गरम पाणी, ओट्याशेजारी फ्रिज. आजीबाईंची मावशी अशाच एका बंगल्यात राहायला गेली होती आणि लहानपणी त्या दर शनिवारी बस बदलून तिच्याकडे जात. मावशीला भेटायला जाते असे त्या घरच्यांना सांगत. प्रत्यक्षात ओढ होती ती अंघोळीची. टबात गळ्यापर्यंत गरम पाणी, आणि ते कोणी उचलून आणलेले नाही.