मंडळीचं दप्तर: गावात की संग्रहात?

विदर्भातल्या खेड्यांत जिथे जुनी ख्रिस्ती मंडळी (चर्चचा स्थानिक समुदाय) आहे, तिथे कपाटात जुन्या वह्या असतात. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट परंपरेत तर प्रत्येक मंडळी स्वायत्त, वरून हुकूम देणारा बिशप नाही. म्हणून सभासदांची यादी आणि सभांचे ठराव यांची मालकी त्या मंडळीचीच.

वही गावात राहिली तर नावांना माणसं मिळतात. बॅप्टिस्ट बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देत नाहीत. स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो होतो. त्यामुळे त्या नोंदीवरून जन्मसाल निघत नाही. ते, आणि कोण कुणाची लेक, हे गावातली म्हातारीच सांगते. माझ्या लेखी हे ज्ञान अमूल्य आहे. पण वाळवी आणि पावसाळ्यातली ओल वाट पाहत नाहीत.

संग्रहात, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थेत, कागद टिकतो, सूची मिळते. ऑक्सफर्डच्या अँगस ग्रंथालयात बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे कागद आहेत, अटलांटात अमेरिकन बॅप्टिस्टांचे; बंगालात सेरामपूरला कॅरे ग्रंथालय आहे. मराठी व्याकरण १८०५ साली छापणारे मिशनरी विल्यम कॅरे तिथेच काम करत. मात्र मिशनऱ्यांची पत्रं मायदेशच्या वाचकांसाठी असत. गावोगाव फिरून बायबल सांगणाऱ्या स्थानिक बाईचं, म्हणजे बायबल-बाईचं, पूर्ण नाव त्यांत क्वचितच सापडतं.

माझा कौल असा: भरलेल्या जुन्या वह्या संग्रहात द्याव्यात, चालू वही गावात ठेवावी. देण्याआधी मुखपृष्ठासकट पानन् पानाचे फोटो काढावेत आणि मालकी मंडळीचीच राहील, असं लेखी घ्यावं. म्हातारीची साक्ष मात्र आधी, याच उन्हाळ्यात, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी.