डेडिकेटेड लिंकच्या नावाखाली ब्रॉडबँड गळ्यात मारलं, 4,68,460 रुपये गेले

भोसरीतला कारखाना आणि नाशिकच्या अंबडमधलं ऑफिस यांच्यात पॉइंट-टू-पॉइंट लीज्ड लाइन हवी होती, म्हणजे फक्त या दोन टोकांना जोडणारी, दुसऱ्या कोणाशी न वाटलेली (डेडिकेटेड) भाड्याची लाइन. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा सर्व्हर भोसरीत आणि बिलं निघतात अंबडला. दोन राउटर 1,36,000, बसवणं आणि कॉन्फिगरेशन 45,000, वर्षाचं आगाऊ भाडं 2,16,000, वर 18 टक्के जीएसटी 71,460. सगळे पैसे आरटीजीएसने दिले. तीन कोटेशनं मागवली होती आणि ज्याच्याकडून लाइन घेतली तो माणूस सर्वांत स्वस्तही नव्हता, त्यामुळे स्वस्ताला भुललो असं कोणी म्हणू नये.

आता संताप कशाचा होतो ते सांगतो. लिंक सुरू करून द्यायला त्याचा इंजिनियर आला, तेव्हा फॉल्स सीलिंगची टाइल उचलून त्याने एक पांढरा डबा आत सरकवला. डब्यावर दिव्यांखाली ‘पॉन’ असं छापलेलं मी खालून वाचलं. विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘सर, मीडिया कन्व्हर्टर आहे’, म्हणजे फायबरचा सिग्नल साध्या केबलवर आणणारा डबा. तो घरगुती फायबर ब्रॉडबँडचा मॉडेम होता! त्या प्रकारात, म्हणजे पॉनमध्ये, एकच फायबर 32 किंवा 64 ग्राहकांत वाटलेली असते, मग डेडिकेटेड काय राहिलं? पण मी सीएनसीचे पार्ट बनवतो, मला ते कळायचं कसं?

त्यात त्याने पुरावाही दाखवला. ट्रेसरूट (डेटा वाटेत कुठून कुठून जातो ते दाखवणारी कमांड) चालवून म्हणाला, ‘बघा सर, मध्ये एकच हॉप’, म्हणजे वाटेत एकच टप्पा. दोन ब्रॉडबँड कनेक्शनांवरून टनेल, म्हणजे इंटरनेटच्या आतून जाणारी आभासी वाट, टाकला की आतून एकच हॉप दिसतो, हे नंतर दुसऱ्या नेटवर्कवाल्याने समजावलं. ट्रेसरूटवर विसंबू नका. विंडोजवर पिंग कमांडला वजा एफ (-f, पॅकेटचे तुकडे करू नको) आणि वजा एल 1472 (-l 1472, पॅकेटचं माप बाइटमध्ये) लावून पलीकडच्या टोकाला पाठवा. सरळ लाइन असेल तर सहसा जातं. आमच्याकडे पॅकेट तुकडे केल्याशिवाय जाईना.

संध्याकाळी टॅली अडकायची. तक्रार केली की ‘तुमचा सर्व्हर जुना आहे’ हे उत्तर ठरलेलं. पावसाळ्यात रस्ता खोदताना गल्लीतलं सगळ्यांचं ब्रॉडबँड गेलं आणि त्याच मिनिटाला आमची ‘लीज्ड लाइन’ही गेली. तेव्हा टाइल उघडली.

राउटरचा पासवर्ड त्याने दिलाच नव्हता, ‘सिक्युरिटी पॉलिसी’ म्हणे. पासवर्ड हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नव्या माणसाने राउटर उघडला तर आत डायलर (ब्रॉडबँडला लॉगिन करणारी सेटिंग) आणि टनेल. राउटरच्या शो इन्व्हेंटरी कमांडने दिसणारा आतला सीरियल नंबर आणि बाहेरच्या स्टिकरवरचा नंबर वेगळे. नवे म्हणून विकलेले हे सिस्कोचं 2911 मॉडेल, ज्याची विक्री कंपनीने 2017 मध्येच थांबवलेली. मॉडेलचं नाव टाकून एवढं तरी आधी बघा. बिलावरचा जीएसटी नंबरही पोर्टलवर तपासा. आमच्या बिलावरचा रद्द झालेला निघाला, म्हणजे आमच्या करातून वजा होणारं 71,460 चं क्रेडिटही बुडालं.

पोलीस ठाण्यात अर्ज वाचायच्या आधीच ऐकवलं, ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ खोटा माल, रद्द झालेला जीएसटी नंबर, आणि दिवाणी? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही स्वतः सही करून पैसे पाठवलेत, ठाण्यात जा. ग्राहक आयोगाबद्दल विचारलं तर व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार खात्यात कळलं की हा त्यांचा परवानाधारकच नाही, म्हणून त्याच्याविरुद्धची तक्रार त्यांच्याकडे बसत नाही. अहो, परवाना नसताना तो लीज्ड लाइन विकतोय, तक्रार तीच तर आहे! कर भरायला उशीर झाला की नोटीस मात्र लगेच दारात येते. लाइन घेण्याआधी विक्रेत्याकडे परवान्याची प्रत मागा. तो दुसऱ्या कंपनीची लाइन विकत असेल तर त्या कंपनीचा सर्किट आयडी (त्या लाइनचा ओळख क्रमांक) लेखी घ्या आणि थेट तिथे फोन करून खात्री करा.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, तर अर्ज पोस्टाने पोलीस आयुक्तांना पाठवा आणि पोच जपा; पुढे मॅजिस्ट्रेटकडे जायला ती लागते. आमचं प्रकरण तिथेच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या भाड्याचा पुढच्या तारखेचा चेक त्याने आधीच घेऊन ठेवला होता. तो मी बँकेत थांबवला, तर त्यानेच मला चेक न वटल्याची, चेकच्या कायद्यातल्या कलम 138 ची नोटीस धाडली. वकिलाने 15 दिवसांच्या आत उत्तर दिलंय आणि सोबत त्या पांढऱ्या डब्याचा फोटो जोडलाय.