सहा एपी, वहीची सहा पानं : ओपनडब्ल्यूआरटीचा आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमचं यात्री निवास आहे. अठ्ठावीस खोल्या. पुढची इमारत जुनी, जाड भिंतींची. मागं नवीन आरसीसी. गेल्या जूनमध्ये इथले सहाही ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफायचं सिग्नल देणारी यंत्रं) मी ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. आता पावसाळा, नवरात्र आणि नोव्हेंबर-फेब्रुवारीचे दोन्ही किरणोत्सव अंगावरून गेलेत, त्यामुळं बोलण्याइतका अनुभव गाठीशी आहे.

रेंजबद्दल सगळे विचारतात. रेंज चांगली आहे, कारण प्रत्येक एपीपर्यंत स्वतंत्र केबल ओढलीय आणि 2.4 गिगाहर्ट्झवर शेजारच्या एपींना 1, 6, 11 असे वेगवेगळे चॅनेल दिलेत. त्यापलीकडं त्यात सांगण्यासारखं काही नाही. आठ महिन्यांत मला जे शिकायला मिळालं ते एपीच्या आत चालणाऱ्या छोट्या सेवांमुळं. पत्ते वाटणं, नावं शोधणं, घड्याळ, लॉग, लॉगिनचं पान. त्या प्रत्येक एपीवर एकेक करून बघाव्या लागतात आणि एका जागी राहिलेली चूक अख्ख्या इमारतीला भोवते.

ओपनडब्ल्यूआरटी टाकलेलं मशीन स्वतःला राउटर समजतं. 192.168.1.1 हा पत्ता घेतं, डीएचसीपीनं इतरांना पत्ते वाटायला बसतं, फायरवॉल उभी करतं. आपल्याला तर त्यानं फक्त वायफाय द्यायला हवं असतं. म्हणून मी मुख्य राउटरला 192.168.1.1 ठेवला आणि एपींना 192.168.1.11 ते 16 असे पक्के पत्ते दिले. केबल लॅनच्या पोर्टमध्ये लावली, लॅन इंटरफेसवर ‘इग्नोअर इंटरफेस’ला, म्हणजे ‘इथं पत्ते वाटू नकोस’ या खुणेला, टिक केली आणि स्टार्टअपच्या पानावर जाऊन पत्ते वाटणाऱ्या डीएनएसमास्क व ओडीएचसीपीडी आणि फायरवॉल या तिन्ही सेवा बंद केल्या. पाच एपींवर हे सगळं नीट झालं. मागच्या इमारतीतल्या 15 नंबरवर मी फक्त सेवा बंद केल्या. टिक करायची राहून गेली, आणि डीएनएसचा (साइटचं नाव शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) रकानाही रिकामा राहिला. दोन महिने त्यानं काहीच त्रास दिला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी सगळ्या एपींचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपग्रेड केलं, सेटिंग्ज तशाच ठेवून. त्याच महिन्याच्या शेवटी, धो धो पावसाच्या एका रात्री लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी पहाटेपर्यंत उतरली. साडेचारच्या सुमाराला लाइट आली आणि दहा मिनिटांत रिसेप्शनवरच्या पोरानं दार वाजवलं. “मालक, मागच्या बिल्डिंगला वायफाय जोडलंय म्हणून दाखवतंय, पण नेट न्हाई म्हणत्यात.” काकड आरतीला निघालेलं लातूरचं एक कुटुंब खाली थांबलं होतं. त्यांना हरिप्रिया एक्स्प्रेसचं तिकीट बघायचं होतं आणि उघडत काहीच नव्हतं.

त्यांच्यातल्या मुलीचा मोबाइल घेऊन वायफायचा तपशील उघडला. गेटवेसमोर, म्हणजे नेटवर जायच्या दाराच्या पत्त्यासमोर, 192.168.1.15 लिहिलं होतं. तिथं 192.168.1.1 असायला हवं होतं. म्हणजे मागचा एपी पत्ते वाटत होता! त्याची केबल काढली, मोबाइलचं वायफाय बंद-चालू केलं, पुढच्या इमारतीचं सिग्नल पकडलं आणि तिकीट उघडलं.

झालं होतं ते असं. स्टार्टअपमध्ये बंद केलेल्या सेवा नवीन फर्मवेअर टाकलं की पुन्हा चालू होतात, सेटिंग्ज जपल्या तरी. ‘इग्नोअर’ची टिक मात्र सेटिंगच्या फाइलीत असते, ती टिकते. म्हणून बाकीच्या पाच एपींवर डीएनएसमास्क जागं झालं तरी गप्प होतं. 15 नंबरवर टिक नव्हती, तरी तीन आठवडे काही बिघडलं नाही, कारण सुरू होताना डीएनएसमास्क आधी नेटवर्कवर विचारून बघतं, की पत्ते देणारं दुसरं कुणी आहे का. असलं तर स्वतः वाटत नाही. त्या पहाटे सगळं एकदम चालू झालं. एपी लवकर उठला, राउटर अजून उठत होता. विचारलं तेव्हा उत्तर द्यायला कुणी नव्हतं, म्हणून यानं दुकान मांडलं. आणि डीएनएसचा रकाना रिकामा असल्यामुळं ज्यांना यानं पत्ता दिला त्यांच्या मोबाइलला एकही नाव सापडेना. वायफाय आहे, नेट नाही, याचा अर्थ एवढाच होता.

त्या दिवशी मी प्रत्येक एपीवर दोन गोष्टी केल्या. टिक तपासली, आणि लोकल स्टार्टअपच्या चौकटीत चार ओळी टाकल्या, ज्या दर वेळी चालू होताना बघतात की या सेवा परत सुरू झाल्यात का, आणि झाल्या असल्या तर बंद करतात. ती फाइल अपग्रेडमध्ये टिकते. त्यानंतर नोव्हेंबरात अपग्रेड केलं आणि सहाही एपी जसेच्या तसे राहिले. तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

घड्याळाचं प्रकरण त्याच रिकाम्या रकान्यातून निघालं. या स्वस्त मशीनमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ विसरतं आणि उठल्यावर स्वतःच्या फाइलींमधल्या सर्वांत ताज्या तारखेवरून अंदाज बांधतं, मग एनटीपीनं, म्हणजे नेटवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून, खरी वेळ मिळवतं. पण एनटीपीच्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतं. डीएनएस नाही म्हणजे वेळ नाही. 15 नंबरचा त्या पहाटेचा लॉग मी वाचला तेव्हा त्यावर काही आठवड्यांपूर्वीची तारीख होती. घटना कोणत्या मिनिटाला सुरू झाली हे त्यातून कळणं शक्यच नव्हतं.

आता मुख्य राउटरवर एनटीपी सर्व्हर चालू आहे. तो स्वतः एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) समय1 आणि समय2 या सर्व्हरांकडून वेळ घेतो. प्रत्येक एपीला नावाऐवजी थेट 192.168.1.1 हा आकडा दिलाय, म्हणजे डीएनएस रुसलं तरी वेळ येते. टाइमझोन आशिया-कोलकाता हाही प्रत्येकावर वेगळा लावावा लागतो, नाहीतर नोंदी साडेपाच तास मागं दिसतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत संस्थांनी घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत आणि लॉग 180 दिवस जपावेत असं आहे. रोज अनोळखी माणसं ज्या जागेचं वायफाय वापरतात तिथं मला ते पटतं. एपीचा लॉग रॅममध्ये असतो, लाइट गेली की पुसला जातो. म्हणून प्रत्येक एपीवर बाहेरच्या लॉग सर्व्हरचा पत्ता भरलाय. रिसेप्शनच्या टेबलाखाली एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा संगणक, आहे, तो 514 पोर्टवर सगळ्यांच्या नोंदी गोळा करतो.

एपीच्या सेटिंग्ज जिथून बदलतात त्या लॉगिनच्या पानाबद्दल सगळ्यांनी काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. सप्टेंबरात पाहुण्यांच्या वायफायवरून मी स्वतःच 192.168.1.13 टाकून बघितलं, तर एपीचं लॉगिन समोर! फायरवॉल बंद केल्यावर अडवायला कुणी उरत नाही. खरं तर एपी सांभाळायला वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवरचं स्वतंत्र नेटवर्क) हवं, पण माझा स्विच साधा आहे. मी हे पान दाखवणारा वेब सर्व्हर बंद ठेवतो, गरज पडली तर तेवढ्यापुरता चालू करतो. एसएसएचचा, म्हणजे दुरून कमांड देऊन एपी चालवायच्या सोयीचा, पासवर्ड बंद केलाय, फक्त डिजिटल किल्ली चालते. त्या चार ओळींच्या यादीत वेब सर्व्हरचंही नाव घातलंय. रिसेप्शनचा बिलिंगचा संगणक राउटरच्या वेगळ्या नेटवर्कवर आहे.

नवरात्रात आणखी एक गोष्ट हाती लागली. डीएचसीपीचा पत्ता मुळात 12 तासांसाठी दिला जातो आणि पत्ते असतात 150. अठ्ठावीस खोल्या, खोलीत तीन मोबाइल, म्हणजे 84. सकाळचे गेले, दुपारचे आले की 168. गेलेल्यांचे पत्ते अडकून पडतात आणि नव्यांना मिळत नाहीत. मुदत दोन तासांवर आणली आणि उरलेली माळ निवांत गेली.

हे कुणी घ्यावं? ज्यांच्या जागी एक तरी माणूस या गोष्टी समजून घेणारा आहे त्यांनी. एका पडद्यावरून सगळे एपी चालवायची सोय यात तयार मिळत नाही. प्रत्येक मशीन वेगळं. ज्यांना वेळ नाही त्यांनी कंट्रोलर असलेली यंत्रणा विकत घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मला मात्र हे आवडलं. आतली प्रत्येक सेवा दिसते, बंद करता येते, कुठल्या फाइलीत काय आहे ते वाचता येतं. पहाटेच्या त्या गोंधळाचं कारण मला मिळालं ते यामुळंच.

ऑगस्टनंतर मी दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक एपीला एक पान. पत्ता, चॅनेल, टिक आहे का, डीएनएस, वेळ कुठून, लॉग कुठं, आणि हा एपी बाकीच्यांपेक्षा कशात वेगळा आहे. शेवटची ओळ सर्वांत कामाची.

जानेवारीत मी लग्नासाठी गडहिंग्लजला होतो आणि दुसऱ्या मजल्यावरचा एपी मेला. पुतण्यानं कपाटातलं जादा मशीन काढलं, ठेवलेली बॅकअप फाइल चढवली आणि वहीत बघून नाव, पत्ता आणि चॅनेल बदललं. जेवणाच्या पंगतीत त्याचा फोन आला.

“काका, चालू झालं. पानावर जुन्या मशीनचा नंबर खोडून नवीन लिहिलाय. आणि टिक बघितली.”