कॅन्सरनंतरच्या आहार-व्यायामाची माहितीपत्रकं : वापरानंतरचा अनुभव (सोयाबीनला पूर्ण मार्क, बाकी ठिकाणी कापले)

परवा चुलत नणंदेचा फोन आला. तिच्या गावातल्या एका बाईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आणि घरी आल्याबरोबर तिचं सोयाबीन, तुरीचं वरण, वांगं, आंबट, सगळं बंद करून टाकलं. "वयनी, सोयाबीननं गाठ परत येते म्हणते, खरं हाये काय?" फोन ठेवल्यावर इतका संताप झाला की हे लिहायला बसले.

परदेशातल्या एका कॅन्सर संशोधन संस्थेचं फुकट साहित्य मी गेल्या पावसाळ्यापासून वापरते आहे. उपचारातून उठलेल्यांसाठी आहार, वजन, व्यायाम यांची पत्रकं असतात, तीच. त्यांचा पाया म्हणजे वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर कॅन्सर रिसर्च यांच्या २०१८ च्या अहवालातल्या वजन, हालचाल आणि खाण्यापिण्याबद्दलच्या दहा शिफारशी. त्या सगळ्या इथे उतरवत नाही. माझं सांगायचं तर उजव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढल्या, किमो झाली, शेक (रेडिएशन) झाले, आता रोजची हार्मोनची गोळी. गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. घरी कोरडवाहू शेती, कापूस, तूर आणि सोयाबीन.

सुरुवातीला या कागदांचा रागच यायचा. पानोपानी सॅल्मन मासा, ब्लूबेरी, ब्रोकोली. मापं कपाची नाहीतर औंसाची. आमच्या आठवडी बाजारात मेथी, वांगी, ढेमसं, चवळीच्या शेंगा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळतो. सगळं इंग्रजीत, म्हणून मुलगी रात्री वाचून मराठीत सांगायची आणि मी वहीत लिहायची. तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढल्या त्याचे पैसेसुद्धा तेव्हा जिवावर आले होते.

मत बदललं ते सोयाबीनच्या पत्रकाने.

आमच्या भागात सोयाबीन पिकवतात सगळे, खात कोणी नाही. पोती भरली की थेट मार्केट यार्ड. सासूबाई म्हणायच्या, "थे तं ढेपीचं हाये वं, माणसाचं नाही." ढेप म्हणजे गुरांची पेंड. त्यात स्तनाचा कॅन्सर झाला की पहिली बंदी याच्यावर येते, कारण त्यात बाईच्या हार्मोनसारखं काहीतरी असतं असं कुणीतरी ऐकलेलं असतं. पत्रकाने हे नीट उलगडून सांगितलं. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाचे घटक असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असते, पण शरीरात त्यांचा परिणाम फार सौम्य असतो. भीती पसरली ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून, आणि उंदराचं शरीर हे घटक माणसासारखे पचवत नाही. बायकांवरचा अभ्यास वेगळंच सांगतो. चीनमध्ये शांघायला स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या ५,०४२ बायकांची माहिती ठेवली गेली, २००९ साली ती छापून आली. ज्या बायका सोयाबीनचे पदार्थ जास्त खात होत्या त्यांच्यात कॅन्सर परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. याचा अर्थ सोयाबीन औषध आहे असा होत नाही, तेही पत्रकात लिहिलं आहे. माफक प्रमाणात जेवणातून खायला हरकत नाही. आयसोफ्लेवोनच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत. मी हा कागद तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, खा.

आता डब्याची गोष्ट सांगायलाच हवी. किमोच्या काळात शहरातल्या एका औषधाच्या दुकानात मला प्रोटीन पावडर घ्यायला लावली. हजाराच्या वर किंमत. काउंटरवरच्या माणसाने वर सल्लाही दिला की सोयाबीन अजिबात खाऊ नका. पुढे मुलीने डब्यामागचं बारीक छापलेलं वाचलं तर त्यात पहिलंच नाव सोया प्रोटीन आयसोलेट, म्हणजे सोयाबीनचंच प्रथिन. न उघडलेला दुसरा डबा परत करायला यांना पाठवलं तर दुकानाने घेतला नाही, बिल दाखवूनही घेतला नाही. ज्या सोयाबीनला २०२५-२६ च्या हंगामात ५,३२८ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला, म्हणजे किलोला सव्वात्रेपन्न रुपये, आणि तोही यार्डात हातात पडेल याची खात्री नसते, तेच आमच्या घामाचं सोयाबीन डब्यात बसून आमच्याच आजारपणात आम्हाला त्या भावाने विकतात. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३६ च्या वर. हे मला उपचार चालू असताना कुणी सांगितलं असतं तर त्या पैशात दूध आणि अंडी आली असती.

करण्याची रीत लिहिते, कारण पत्रकात ती आपल्या चुलीला उपयोगी पडेल अशी नाही. सोयाबीन कच्चं किंवा नुसतं भिजवून खायचं नाही, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने जातो. रात्रभर भिजवायचं, पाणी फेकायचं, चांगलं वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, मग उन्हात कडकडीत वाळवायचं. नऊ किलो गव्हाला एक किलो या हिशेबाने दळून आणलं की पोळीला वासही येत नाही. भाजीत टाकायचं तर कुकरमध्ये मऊ शिजवून वांग्यात घालते. आणि एक गोष्ट शेतकरी घरांनी पक्की ध्यानात ठेवावी : पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं चुकूनही घरात खायला घ्यायचं नाही. धुऊन ते जात नाही. खायचं सोयाबीन मळणीच्या दिवशीच वेगळ्या कट्ट्यात (पोत्यात) बांधून ठेवायचं.

सोयाबीनमुळे विश्वास बसला म्हणून मी व्यायामाचं पत्रक उघडलं, नाहीतर ते तसंच पडून राहिलं असतं. ऑपरेशननंतर मला सांगितलं होतं की उजव्या हाताने जन्मभर वजन उचलायचं नाही, काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजेल. नळ दिवसाआड येतो तिथे पाण्याची गुंडी (कळशीसारखं भांडं) न उचलता बाई घर कशी चालवणार? दर वेळी मुलीला हाक मारायची, ती शाळेत असली की शेजारणीला. पत्रकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा २००९ चा अभ्यास होता. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या, निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. अगदी कमी वजनापासून सुरुवात, हळूहळू वाढ, हातावर घट्ट बाही घालून, आणि सुरुवातीला शिकवणारं माणूस शेजारी. वर्षभराने त्यांच्या हातांची सूज वाढली नाही. उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग वजन उचलणाऱ्यांमध्ये १४ टक्के बायकांना आले, न उचलणाऱ्यांमध्ये २९ टक्के. ताकदही वाढली.

हे ऐकून कुणी उद्याच पाण्याचा ड्रम उचलायला जाऊ नये. मी फिजिओथेरपिस्टला विचारून अर्धा किलोच्या डाळीच्या पुडीने सुरू केलं, मग पाण्याची लिटरची बाटली. हात जड वाटला की त्या आठवड्यात वाढवायचं नाही. लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. निंदणाला आणि वेचणीला त्या हातात मोजा घालते, कारण बोंडाच्या टोकाने ओरखडा पडला तरी त्यातून संसर्ग होऊ शकतो. आता लहान गुंडी मी माझी उचलते.

चालण्याच्या बाबतीत मात्र हे साहित्य आमच्यासाठी लिहिलेलंच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. माप चांगलं आहे, घड्याळाशिवाय कळतं. पण मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा कधी चालायचं? पहाटे वावराच्या वाटेने जावं तर रानडुकरं, आणि आमच्या भागात वाघाचीही धास्ती. रस्त्याने एकटी बाई नुसतीच चालताना दिसली की चार जण विचारतात, "कुठं चालली वं माय?" शेवटी आम्ही तिघी-चौघी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात फेऱ्या मारू लागलो. मी याबद्दल फार कुरकुर केली, पण २०२५ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीचं वाचल्यावर गप्प बसले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण; ऑपरेशन आणि किमोनंतर निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायाम, बाकीच्यांना नुसती माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांतले ९०.३ टक्के हयात, पुस्तिकावाल्यांतले ८३.२. कॅन्सर माझ्यापेक्षा वेगळा आहे, आकडे जसेच्या तसे मला लागू होत नाहीत. तरी पुस्तिका नुसती हातात देण्यात आणि सोबत कुणी चालण्यात किती फरक पडतो ते यात दिसतं.

जेवणाचं बाकी फार लिहीत नाही. ताटाचा दोन-तृतीयांश भाग धान्य, डाळी, भाज्या, फळं यांचा असावा म्हणतात. आपल्या आज्या जेवत होत्या तसंच ते आहे : ज्वारीची भाकर, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. दुखणं इतकंच की ज्वारी आता गावात कुणी पेरत नाही आणि विकत घ्यावी तर गव्हापेक्षा महाग. रोज ३० ग्रॅम तंतू (फायबर) हे सोप्या ताटाने होतं, पण शेक चालू असताना पोट बिघडलेलं असेल तर हे लागू नाही, तेव्हा डॉक्टर सांगतील ते. मटण लाल मांसात येतं, हे घरच्या पुरुषांना पटवायला वेळ लागला. आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर नको.

साहित्याचा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे पुरावा भक्कम कुठे आणि तुटपुंजा कुठे हे ते लिहितात. व्हॉट्सॲपवर तसं नसतं. २०२४ च्या नोव्हेंबरात एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कॅन्सर हळद, कडुनिंब आणि उपासाने बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून लोकांना सांगावं लागलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. क्रिकेटपटूचा व्हिडिओ आमच्या गावात घरोघरी पोचला होता. डॉक्टरांचं पत्रक मी शोधून काढलं तेव्हा मिळालं.

मार्क कापते ते शेवटच्या एका गोष्टीसाठी. माझ्या दिरांचं गालाचं ऑपरेशन झालं. खर्रा. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर तोंडात असतो, शाळेतली पोरंसुद्धा खातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवून वीस वर्षं होऊन गेली. या पत्रकांत तंबाखू म्हणजे सिगारेट, तीही एका ओळीत. दिरांचं तोंड नीट उघडत नव्हतं. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं तर घास जात नाही, दात साफ होत नाहीत, आणि मग ताटात दोन-तृतीयांश भाज्या-डाळी वाढून काय उपयोग? त्यांना फिजिओथेरपिस्टने आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला शिकवलं, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. तोंडाच्या, गळ्याच्या कॅन्सरवाल्यांनी हे साहित्य घेऊन बसू नये. आधी आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट गाठावा, वजन उतरत असेल तर त्याच आठवड्यात. आणि आपल्याकडचं कुणी हे काम मराठीत करणार असेल तर पहिल्या पानावर खर्रा घ्या, दुसऱ्यावर तोंड उघडण्याचे व्यायाम, तिसऱ्यावर सोयाबीन शिजवण्याची रीत. सॅल्मन मासा वगळला तरी चालेल.