आयुकाची विज्ञान खेळणी : तार, काडी आणि सेफ्टी पिन

आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था. तिचं नाव घेतलं की दीर्घिका आणि कृष्णविवरं आठवतात. पण या संस्थेनं लोकांच्या हातात ठेवलेली सगळ्यात कामाची गोष्ट काडेपेटीत मावते. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या तिच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ते २०१४ या काळात टाकाऊ वस्तूंपासून कितीतरी खेळणी घडवली, त्यांच्या एक-दोन मिनिटांच्या फिती (व्हिडिओ) केल्या. मराठीसह अनेक भाषांतल्या या फिती गुप्तांच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात.

सगळ्यात सरस खेळणं म्हणजे साधी मोटर. टॉर्चचा मोठा सेल, एक मीटर एनॅमलची (वीज अडवणारा लेप दिलेली) तांब्याची तार, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर, एवढंच सामान. तार सेलभोवतीच गुंडाळून वेटोळं करायचं, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची. आता खरी मेख. वेटोळं उभं धरून टोकांवरचं एनॅमल वरून आणि दोन्ही बाजूंनी खरवडायचं, खालचं तसंच ठेवायचं. सगळं खरवडलं तर अर्ध्या फेरीनंतर उलटा जोर बसतो आणि वेटोळं नुसतं डुलत राहतं. खालच्या एनॅमलमुळे तेवढ्या वेळापुरता प्रवाह तुटतो आणि आधीच्या वेगावर फेरी पूर्ण होते.

फीत इथे फार घाई करते. मोटर फिरली नाही तर दोष बहुतेकदा खरवडण्यातच असतो, आणि ते नजरेला कळत नाही. ब्लेडनंतर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. टोकं एका रेषेत नसली तरी वेटोळं एका बाजूला कलून अडतं. आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी होती. एवढ्या तारेचा रोध ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. त्यामुळे अडकलेली मोटर जोडून ठेवली की सेल तापतो आणि लवकर उतरतो. सुरुवातीला बोटानं हलकी टिचकी द्यावी. फिरत नसेल तर लगेच वेटोळं उचलावं.

आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा (सायकलच्या व्हॉल्व्हच्या बारीक रबरी नळीचा) खेळ लहानांसाठी याहून बरा. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे, गुल काढलेल्या काड्या. तिसरी काडी जोडायला तुकड्याला सुईनं आडवं भोक पाडायचं. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. पत्र्याच्या छताची कैची (आधाराचा सांगाडा) त्रिकोणांची का करतात, हे मूल मग आपणच सांगतं. बारीक काड्या मात्र ट्यूबमधून निसटतात, म्हणून जाडसर लाकडीच घ्याव्यात. ट्यूब सायकलच्या दुकानात मागावी.

शाळांसाठी आयुकात दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, तीही चांगली. पण गावातल्या शिक्षकाला आधी या फिती दाखवाव्यात, आणि वर्गात न्यायच्या आदल्या दिवशी मोटर स्वतः फिरवून बघायला सांगावं.